नकाशावरचा लाल चौकोन: सेनेका लोकांच्या जमिनीची कागदपत्रं

जुनी_वही

रॉचेस्टरला घर घेतलं तेव्हा वकिलाने किल्लीबरोबर एक जाडजूड पुडकं हातात दिलं. इकडे, म्हणजे न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, प्रत्येक जागेचं असं पुडकं असतं. ही जमीन कोणी कोणाला कधी विकली, गहाण कधी पडली, वारस कोण लागले, अशी सगळी साखळी. आपल्या सातबारा-फेरफारांचा थोरला भाऊच म्हणा. एका पावसाळी रविवारी मी ते मागून पुढे वाचत बसले. बँक, त्याआधी एक विधवा, त्याआधी एक जर्मन सुतार, आणि अगदी तळाशी दोन नावं: फेल्प्स आणि गोरहॅम. साल १७८८. त्यांना जमीन कोणी दिली ते पानावर नाही. साखळी तिथून सुरू होते.

ती जमीन सेनेका लोकांची. हौदेनोसौनी, म्हणजे इरोक्वॉय महासंघातल्या सहा राष्ट्रांपैकी सगळ्यात पश्चिमेचं राष्ट्र, त्यामुळे 'पश्चिम दरवाजाचे राखणदार'. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यांच्यातले बहुतेक इंग्रजांच्या बाजूने होते. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून सलिव्हनचं सैन्य आलं आणि सुमारे ४० गावं, उभी मक्याची शेतं, फळबागा जाळून गेलं. युद्ध संपल्यावर सुरू झाले कागद.

पहिला कागद तर सेनेकांना न विचारताच झाला. १७८६ मध्ये हार्टफर्डला मॅसॅच्युसेट्स आणि न्यू यॉर्क या दोन राज्यांनी आपसात वाटणी केली: राज्य तुमचं, जमीन विकत घ्यायचा पहिला हक्क आमचा. अजून विकायला न काढलेल्या जमिनीच्या खरेदीच्या हक्काची वाटणी! तो हक्क मॅसॅच्युसेट्सने फेल्प्स-गोरहॅमना विकला आणि १७८८ मध्ये फेल्प्स बफेलो क्रीकला सेनेकांसमोर येऊन बसला.

सेनेका म्हणत होते, जेनेसी नदीच्या पूर्वेचं बघू, पश्चिमेचं मिळणार नाही. फेल्प्स म्हणाला, ठीक, पण तुमचं-आमचं दळण दळायला गिरणी नको का? तिला पश्चिम काठावर थोडी जागा द्या. किती? तर १२ मैल रुंद आणि २४ मैलांहून जास्त लांब. जवळपास २ लाख एकर. पिठाच्या गिरणीला. माझं घर त्या गिरणीच्या आवारात येतं. परसात कांदे लावले की मला याचं हसू येतं, आणि मग फारसं येत नाही.

किमतीवरूनही वाद झाला. सेनेकांच्या समजुतीप्रमाणे १०,००० डॉलर रोख आणि दरसाल १,०००. कागदावर निघाले ५,००० आणि ५००. १७९० च्या डिसेंबरात कॉर्नप्लांटर, हाफ टाउन आणि बिग ट्री हे तिघे सेनेका मुखिये फिलाडेल्फियाला वॉशिंग्टनकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. त्यांचं निवेदन छापील मिळतं, जरूर वाचा. सुरुवातच अशी की, तुमचं सैन्य आमच्या मुलखात शिरलं तेव्हा आम्ही तुम्हाला 'गावं उद्ध्वस्त करणारा' म्हणालो. आजही ते नाव निघालं की आमच्या बायका मागे वळून बघतात, पांढऱ्याफटक पडतात, आणि पोरं आईच्या गळ्याला मिठी मारतात. हे राष्ट्राध्यक्षाच्या तोंडावर!

वॉशिंग्टनने लेखी उत्तर दिलं. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसने कायदा केला होता की केंद्र सरकारच्या अधिकाराखाली झालेल्या जाहीर तहाशिवाय कोणत्याही राज्याला किंवा माणसाला इंडियनांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, जमीन घेता येणार नाही. तेच त्याने कळवलं आणि केंद्र सरकार तुमच्या हक्कांचं रक्षण करेल असंही सांगितलं. हे उत्तर लक्षात ठेवा, पुढचे दोनशे वर्षांचे खटले त्यावर उभे आहेत.

मग ११ नोव्हेंबर १७९४ चा कॅननडेग्वाचा तह. तिसऱ्या कलमात सेनेकांच्या जमिनीची चतुःसीमा घातली आणि म्हटलं की अमेरिका या जमिनीवर कधीही हक्क सांगणार नाही, सेनेकांना त्रास देणार नाही, विकायची त्यांची इच्छा होईपर्यंत ती त्यांचीच. इच्छा व्हायला तीनच वर्षं लागली. म्हणजे करवली.

१७९७, बिग ट्री नावाचं गाव, आजच्या जेनेसीओजवळ. घेणारा रॉबर्ट मॉरिस, ज्याने स्वातंत्र्ययुद्धाचा पैसा उभा केला तोच. आता कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. त्याने ही जमीन हॉलंड लँड कंपनी नावाच्या डच सावकारांच्या मंडळीला आधीच विकून ठेवली होती. सेनेकांचा हक्क मोकळा करून द्यायचं काम त्याच्या गळ्यात होतं. अटकेच्या भीतीने तो स्वतः आला नाही, मुलगा थॉमस आला. बोलणी फिसकटली. सेनेकांचा मुखिया रेड जॅकेट याने सभेचा अग्नी झाकला, म्हणजे विषय संपला. थॉमस मॉरिस मग बायकांकडे गेला. सेनेकांत शेती बायकांची, जमिनीवर त्यांचा शब्द चालतो. त्याने भेटवस्तू मांडल्या, पैसे आल्यावर कष्ट कसे कमी होतील ते सांगितलं. बायकांनी सभा पुन्हा उघडवली. सुमारे ३५ लाख एकर गेले, १ लाख डॉलरला. तेही हातात नाहीत: बँकेच्या शेअर्समध्ये, राष्ट्राध्यक्षाच्या नावावर, सेनेकांच्या वतीने. पुढच्याच वर्षी मॉरिस कर्जापायी तुरुंगात गेला.

त्यातून काही तुकडे सेनेकांनी स्वतःसाठी राखले. आणि आता शीर्षकातला लाल चौकोन. क्यूबा गावाजवळ एक झरा आहे, पाण्यावर खनिज तेलाचा तवंग येतो. एका फ्रेंच धर्मोपदेशकाने १६२७ मध्येच त्याची नोंद केलेली. सेनेका घोंगडी पसरून ते तेल टिपत आणि औषध म्हणून वापरत. हा एक मैल बाय एक मैल तुकडा राखलेला आहे, असं सगळे धरून चालले होते. तहाच्या लेखी यादीत मात्र तो नाही. राहून गेला की ठेवला गेला, देव जाणे. कंपनीने पुढे तो विकून टाकला, लोक येऊन राहिले, घरं बांधली.

१८५० च्या दशकात सेनेकांनी दावा लावला. साक्षीला उभा राहिला गव्हर्नर ब्लॅकस्नेक, कॉर्नप्लांटरचा भाचा. शंभरी कधीच ओलांडली असं लोक सांगत. बिग ट्रीच्या वेळी तो हजर होता. त्याने सांगितलं की तेलाचा झरा आम्ही राखला होता, आणि पुढे केला एक नकाशा, कंपनीचा सर्वेअर जोसेफ एलिकटने केलेला. सेनेकांच्या राखीव जागा त्यावर लाल रंगाने दाखवलेल्या. झऱ्याचा चौकोनही लाल. दावा जिंकला.

कंपनीच्याच माणसाचा नकाशा, आणि तो जपला सेनेकांनी. या विषयात मी अडकले ती या चौकोनामुळे.

सुपारी

वाचतेय. २ लाख एकरांची पिठाची गिरणी!! आमच्या कोपऱ्यावरचा गिरणीवाला दहा बाय दहाच्या गाळ्यात तीन पिढ्या काढतोय, त्याला दाखवते हा धागा.

प्रश्नचिन्ह

लेख छान. पण एक शंका, राग मानू नका. सह्या केल्या, पैसे घेतले. भाव कमी मिळाला हे खरं, पण माझ्या पणजोबांनीही पुण्याजवळची जमीन कवडीमोलाने विकली. मी आता दावा लावू का? बाई, सभा बायकांनीच उघडवली असं तुम्हीच लिहिलंय. मग कागद खोटा कसा?

जुनी_वही

राग कसला, रास्त प्रश्न आहे. बिग ट्रीचा कागद खोटा आहे असं मी म्हणत नाही, तिथे केंद्र सरकारचा आयुक्त, जेरेमाया वॉड्सवर्थ, हजर होता. आणि सगळे सेनेका भोळे आणि सगळे गोरे लबाड असंही नाही. मेरी जेमिसनचा किस्सा सांगते. ही लहानपणी पळवून आणलेली गोरी मुलगी, सेनेकांनी दत्तक घेतली, त्यांच्यातच म्हातारी झाली. बिग ट्रीला तिच्यासाठी जागा राखायचं ठरलं. तिने हद्द तोंडी सांगितली: या ओढ्यापासून त्या टेकडीपर्यंत, तिथून अमुक खुणेपर्यंत. थॉमस मॉरिसला वाटलं असेल शेदोनशे एकर. मोजणी झाली तेव्हा भरली १७,९२७ एकर. गिरणीची थोडी परतफेड!

तुमच्या पणजोबांचं उत्तर 'दिवाणी' देतील. आहात का?

दिवाणी

आहे. हाक मारली म्हणून आलो, फी वेगळी.

प्रश्नचिन्ह, तुमच्या पणजोबांना जमीन विकायला कायद्याने मनाई नव्हती. १७९० च्या कायद्याने विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचे हात बांधले. त्यामुळे मुद्दा 'भाव कमी' हा नाहीच. केंद्राचा माणूस हजर होता का, तह सिनेटपुढे गेला का, हा आहे. नसेल तर ते खरेदीखत मुळातच रद्दबातल. न्यू यॉर्क राज्याने अशा कित्येक खरेद्या परस्पर केल्या. १९८५ मध्ये महासंघातल्याच ओनाइडा राष्ट्राच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की एवढ्या जुन्या व्यवहारावरही दावा चालतो. त्यानंतर रीघ लागली.

सेनेकांचा मोठा दावा १९९३ चा, नायगारा नदीतल्या बेटांचा, त्यात ग्रँड आयलंडही. राज्याने ती बेटं १८१५ मध्ये १,००० डॉलर रोख आणि दरसाल ५०० वर घेतली. केंद्राचा आयुक्त नाही, सिनेटची मंजुरी नाही. पुस्तकात छापावा असा स्वच्छ दावा. तरी हरले.

सुपारी

अहो असं मध्येच सोडू नका. का हरले?

दिवाणी

कोर्टाने विचारलं, १८१५ मध्ये बेटं तुमची होती हे आधी दाखवा. राज्याने काढला १७६४ चा कागद. २००२ मध्ये जिल्हा न्यायालयाने म्हटलं की बेटं तुम्ही १७६४ लाच ब्रिटिशांना देऊन टाकली होतीत आणि १७९४ च्या तहाने ती परत मिळाली नाहीत. तेव्हा १८१५ ला राज्याने जी विकत घेतली ती आधीच राज्याची होती. २००४ मध्ये अपिलात तेच कायम झालं, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार दिला.

म्हणजे राज्याची बाजू अशी: आमची जमीन आम्हीच पैसे मोजून विकत घेतली, चुकून. आणि ती मान्य झाली.

प्रश्नचिन्ह

हे भारी आहे. १७६४ ला एवढं मोठं बेट फुकट का दिलं?

जुनी_वही

फुकट नाही, धाकाने. १७६३ च्या सप्टेंबरात सेनेकांनी नायगाराच्या घळीत डेव्हिल्स होल इथे इंग्रजांचा तांडा कापून काढला होता. पुढच्या वर्षी इंग्रजांचा इंडियन-व्यवहार बघणारा अधिकारी सर विल्यम जॉन्सन याने तहाला बसवलं आणि नदीच्या दोन्ही काठांचा पट्टा मागितला. वर सेनेकांनी बेटं जॉन्सनला दिली आणि त्याने ती राजाच्या नावे केली. आता ही देणगी की दंड? जमीन कायमची दिली की वापरायला? दोन्ही बाजूंनी इतिहासकार साक्षीला उभे होते.

आणि हे सगळं कोणाच्या दप्तरातून ठरलं? जॉन्सनच्या. घेणाऱ्याच्या. ते दप्तर आल्बनीच्या राज्य ग्रंथालयात होतं. २९ मार्च १९११ ला तिथे आग लागली आणि त्यातला बराच भाग जळाला, उरलेली पानं कडा करपलेली आहेत. छापील खंडांत मध्येच ओळ तुटते, तिथे समजायचं की कागद जळाला.

नायगराकर

उशिरा आलो, पण हजेरी लावतो. मी बफेलोला असतो. ११ नोव्हेंबरला कॅननडेग्वाला तहाचा वार्षिक सोहळा होतो, मी दोनदा गेलोय. कोर्टासमोरच्या हिरवळीवर एक मोठा धोंडा आहे, त्याच्याजवळ लोक जमतात. मुख्य आकर्षण कापड! सहाव्या कलमात अमेरिकेने दरसाल ४,५०० डॉलरचा माल द्यायचं कबूल केलंय, कपडे, जनावरं, अवजारं. ते आजही देतात, सुती कापडाच्या रूपात. रक्कम तीच, १७९४ ची. त्यामुळे तुकडा लहान लहान होत चाललाय.

माझ्या शेजारी एक सेनेका आजी उभ्या होत्या. पिशवीतून कापड काढून दाखवलं, साधं बिनरंगी, मांजरपाटासारखं. मी आगाऊपणाने म्हटलं, याचं काय शिवणार? म्हणाल्या, शिवायचं नसतं. दरवर्षी घेतलं की तह चालू आहे. रोख पैसे घेऊन विषय मिटवा असंही सरकारकडून सुचवून झालंय म्हणे, यांनी कापडच मागितलं.

सुपारी

आमच्याकडे याला 'पावती जपणं' म्हणतात. आजींना नमस्कार.

प्रश्नचिन्ह

आणखी एक. त्यांच्याकडे स्वतःचं काही लेखी नव्हतंच का? मण्यांचे पट्टे असतात असं ऐकलंय. ते पुरावा म्हणून धरतात का?

जुनी_वही

वाम्पम. शंख आणि शिंपल्यांचे पांढरे-जांभळे मणी. कॅननडेग्वाच्या तहाशी जोडलेला पट्टा सुमारे ६ फूट लांब आहे: तेरा माणसं हातात हात धरून, म्हणजे तेरा राज्यं, मध्ये घर आणि घराशेजारी दोन माणसं. पट्टा वाचता येतो, पण ज्याला तो सोपवला त्याने तोंडी वाचायचा. सभेत पट्टा न देता कोणी काही बोललं तर ते वाऱ्यावरचं बोलणं. इंग्रजांनाही हे माहीत होतं. त्यांच्याच इतिवृत्तात दर परिच्छेदाशेवटी 'पट्टा दिला' असा शेरा असतो.

पुढे हे पट्टे संग्रहालयांत गेले. न्यू यॉर्कच्या संग्रहालयाने १९८९ मध्ये १२ पट्टे महासंघातल्या ओनोंडागा राष्ट्राला परत केले.

कोर्टात मात्र भार कागदाचाच. आणि कागद नीट झाला तरी काय होतं, त्याचा नमुना १८३८ चा बफेलो क्रीकचा तह. ऑग्डन लँड कंपनीला सेनेकांच्या उरलेल्या चारही राखीव जागा हव्या होत्या. किंमत २,०२,००० डॉलर, आणि सेनेकांनी उठून कॅन्ससला जायचं. कंपनीने काही मुखियांशी आधीच गुपचूप करार केले: सही करा, इतरांना वळवा, इतके डॉलर तुमचे. सिनेटला संशय आला, तिने सांगितलं की भर सभेत पुन्हा संमती घ्या. भर सभेत सोळा सह्या झाल्या. बाकीच्या बफेलोतल्या खोल्यांतून गोळा झाल्या. मॅसॅच्युसेट्सतर्फे नजर ठेवायला आलेला डिअरबॉर्न डायरी लिहीत होता, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी गुप्त करार छापून काढले. म्हणजे लाच कागदोपत्री आहे, नीट तारखांसकट! तरीही १८४० मध्ये सिनेटात मतं बरोबरीत पडली आणि उपाध्यक्षाच्या मताने तह तरला.

दिवाणी

पुढचं मी सांगतो, कारण यातली मेख माझ्या आवडीची आहे. १८४२ मध्ये तडजोड झाली: अ‍ॅलेगनी आणि कॅटरॉगस परत, बफेलो क्रीक आणि टोनावांडा गेले. टोनावांडाच्या लोकांनी सही केलीच नव्हती. तिथल्या ब्लॅकस्मिथ नावाच्या मुखियाला कंपनीच्या माणसांनी लाकूड कापायच्या गिरणीतून हुसकून काढलं. त्याने फिर्याद केली आणि १८५७ मध्ये ती सुप्रीम कोर्टात जिंकली गेली, पण कशावर? लाचेवर नाही. मंजूर झालेल्या तहाच्या पाठीमागे कोर्ट डोकावणार नाही, असं कोर्टाने स्वच्छ सांगितलं. फक्त, हुसकायचं तर सरकारने, कंपनीने नाही. एवढ्या फटीतून टोनावांडा वाचलं. त्याच वर्षी नवा तह झाला आणि कॅन्ससच्या जमिनीच्या मोबदल्यातल्या पैशांतून त्यांनी स्वतःचीच ७,५४९ एकर परत विकत घेतली.

या लढाईत दुभाष्या म्हणून पळापळ करणारा पोरगा ईलाय पार्कर. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात तो उत्तरेच्या जनरल ग्रँटचा लष्करी सचिव झाला. १८६५ ला अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या जनरल लीच्या शरणागतीच्या अटींची स्वच्छ प्रत त्याच्याच हातची आहे. अक्षर सुंदर होतं म्हणून त्याला बसवलं म्हणतात.

घाटावरचा

मी या विषयातला नाही, पण एका गोष्टीने थांबलो. आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. आजोबांच्या ट्रंकेत जुने शेतसाऱ्याचे कागद होते, ज्या शेताचे ते शेत आता कोणी बघू शकत नाही. सेनेकांचंही असं काही झालं का? धाग्यात विषयांतर करायचं नाहीये, फक्त विचारतोय.

नायगराकर

झालं. किंझुआ धरण, १९६५. पिट्सबर्गला पुरापासून वाचवायला. १७९४ च्या तिसऱ्या कलमाकडे बोट दाखवून सेनेका कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, काँग्रेस तह मोडू शकते. आर्थर मॉर्गन या नावाजलेल्या इंजिनिअरने दुसरी जागा सुचवली, ती नाकारली गेली. १९६१ मध्ये केनेडींनी पत्र लिहून खेद कळवला आणि काम चालू राहिलं. अ‍ॅलेगनीची सुमारे १०,००० एकर जमीन गेली, सुमारे ६०० माणसं उठली. घरं पाडून जाळली. कॉर्नप्लांटरची कबरही उचलून वर नेली. वॉशिंग्टनसमोर उभा राहिलेला तोच कॉर्नप्लांटर.

मी ते सरोवर पाहिलंय. बोटिंग चालतं. पाणी उतरलं की काठावर जुन्या रस्त्याचा डांबरी तुकडा दिसतो, थेट पाण्यात जाणारा.

घाटावरचा

आमच्याकडे देवळाचा कळस दिसतो म्हणतात. मला कधी दिसला नाही.

प्रश्नचिन्ह

माझे पणजोबांचे शब्द मागे घेतो. मग सेनेका सगळीकडे हरलेच का?

नायगराकर

छे. सॅलामँका शहर बघा. रेल्वे आली म्हणून गोऱ्यांनी अ‍ॅलेगनीच्या राखीव जमिनीवर अख्खं शहर वसवलं, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. काही प्लॉटचं भाडं वर्षाला १ डॉलर, तेही थकवणारे महाभाग होते. १९९१ च्या फेब्रुवारीत पट्टे संपले. घर तुमचं, खालची जमीन सेनेकांची, नवा पट्टा बाजारभावाने. केवढा आरडाओरडा झाला! आधीच्या वर्षी काँग्रेसने कायदा करून सेनेकांना ६ कोटी डॉलर द्यायचं ठरवलं, ३.५ कोटी केंद्राचे, २.५ कोटी राज्याचे. मला तिथे पेट्रोल भरताना नेहमी गंमत वाटते: आख्खं शहर भाडेकरू.

सुपारी

जुनी_वही, लाल चौकोनाचं पुढे काय झालं? तिथे आता काय आहे?

जुनी_वही

सेनेकांकडेच आहे. कालव्याला पाणी पुरवायला राज्याने १८५८ मध्ये शेजारी तलाव बांधला, त्याचं पाणी त्या चौकोनात शिरलं आणि काठावर लोकांची उन्हाळी घरं झाली. १९८५ मध्ये त्यावरही दावा लागला, तोही सेनेकांच्या बाजूने गेला आणि पुढे तडजोड झाली. झऱ्याभोवती दगडी कठडा आहे, मी गेले तेव्हा पाण्यावर बारीक इंद्रधनुषी साय होती. बोट बुडवून वास घेतला. रॉकेल.

हॉलंड लँड कंपनीचे मूळ कागद अ‍ॅमस्टरडॅमला आहेत, त्यांच्या मायक्रोफिल्म फ्रेडोनियाच्या विद्यापीठात. एलिकटच्या मोजणीच्या वह्या बघायला मी मार्चमध्ये जाणार आहे. 'दिवाणी', तुम्हाला हवे असतील तर फोटो पाठवीन, फीऐवजी.

दिवाणी

चालेल. पानांचे आकडे दिसतील असे काढा, मागच्या वेळी तुमचा अंगठाच जास्त आला होता.

नायगराकर

यंदा ११ नोव्हेंबरला कॅननडेग्वाला कोणी येणार असेल तर व्यनि करा, गाडीत तीन जागा आहेत. कार्यक्रम उघड्यावर असतो आणि भाषणं लांबतात. कानटोपी आणा. गेल्या वेळी पुण्याच्या पाहुण्यांना गाडीत बसून राहावं लागलं होतं.